आभाळ त्याच दिवसाचं हवं

जून लागला की सह्याद्रीवरचं आभाळ घटकेघटकेला रूप बदलतं. तरीही लग्नाआधीच्या फोटोंचे अल्बम उघडले की कित्येक जोडप्यांमागे तेच जांभळं-केशरी आभाळ दिसतं, कारण ते संगणकावर चिकटवलेलं असतं. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आभाळ बदलण्याची तयार सोय आली आणि हे काम काही क्षणांचं झालं. पण चेहरा खरं सांगून जातो. सूर्य डावीकडे मावळतोय आणि नवरीच्या नाकाची सावलीही डावीकडेच पडलीय. मागे काळे ढग दाटलेत आणि नवरा भर उन्हात डोळे बारीक करून उभा आहे. अशा फोटोत ती संध्याकाळ कुठेच नसते.

खरं आभाळ टिपणं अवघड वाटतं, कारण ढगांचा उजेड चेहऱ्यावरच्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर असतो. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर ठरवलं की ढग पांढरेफटक होतात. म्हणून ते आभाळासाठी ठरवावं आणि काळवंडलेल्या चेहऱ्यावर छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून फ्लॅशचा उजेड द्यावा. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो. ढगांपर्यंत तो पोचतच नाही. त्यामुळे शटरचा वेग वाढवला की आभाळ गडद होतं, चेहरा तसाच राहतो. बहुतेक कॅमेऱ्यांत हे सेकंदाच्या १/२०० ते १/२५० भागापर्यंत सहज जमतं. फ्लॅश नसेल तर सूर्य कलल्यावर थर्माकोलची पांढरी शीटही चेहरा उजळतो.

फोटोत आभाळ जोडणं जुनंच आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी काचेची निगेटिव्ह जोडून छायाचित्रं केली. पण तेव्हाच्या काचा निळ्या रंगाला अतिसंवेदनशील होत्या, त्यामुळे छापलेल्या चित्रात आभाळ पांढरंच उमटे. ती साधनांची अडचण होती. आज ती उरलेली नाही. ठरलेल्या दिवशी आभाळ कोरं निघालं तर काय, हा प्रश्न अधिक रास्त आहे. तेव्हा झाडाच्या सावलीत जावं, चौकटीत आभाळ कमी घ्यावं. फोटो म्हणजे आठवण असेल, तर त्यातला उजेडही त्या दोघांनी अनुभवलेला हवा. म्हणून फोटोग्राफर ठरवताना पैशांइतकंच हेही विचारा: आभाळ त्याच दिवसाचं असेल ना?