ज्येष्ठांची वसाहत की कोंडवाडा?

पुण्याच्या अवतीभवती आणि कर्जत-नेरळच्या पट्ट्यात ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या खास वसाहती गेल्या काही वर्षांत झपाट्याने उभ्या राहिल्या आहेत. रविवारच्या पुरवण्यांत त्यांच्या पानभर जाहिराती येतात. हिरवळ, पांढरे केस, हसरे जोडपे, मागे डोंगर. हा वृद्धाश्रम नव्हे, असे बिल्डर आवर्जून सांगतो. खरेच आहे, कारण वृद्धाश्रमात बेवारस म्हातारे जातात आणि इथे लाखो रुपये मोजलेले म्हातारे जातात. पण एकदा आत गेल्यावर दोघांच्या दिवसात नेमका किती फरक राहतो, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही.

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल, हा पांढरपेशांचा प्रश्न, त्याचा चळवळीशी काय संबंध? संबंध आहे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून गेलेले मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९७२ साली पँथरमध्ये विशीत सामील झालेला पोरगा सत्तरीच्या पुढे आहे. नामांतरासाठी लाठ्या खाल्लेली पिढी पेन्शन घेते आहे. बँक, एलआयसी, रेल्वे, पोस्ट, टेलिफोन खात्यात राखीव जागांवर लागलेली आपली पहिली मोठी पिढी सेवानिवृत्त होऊन बसली आहे आणि तिची मुले बंगळुरूत, दुबईत, अमेरिकेत आहेत. चाळ सुटली, वस्ती सुटली, ब्लॉक विकला गेला. आता ही माणसे कुठे आणि कशी जगतात, याची चर्चा आपल्या एकाही अधिवेशनात मी ऐकलेली नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. पत्नीच्या निधनानंतर २०१८ साली ते अशाच एका वसाहतीत राहायला गेले. वसाहतीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण सगळीकडचे नियम थोड्याफार फरकाने तेच आहेत. काकांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. खोलीतल्या कपाटावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे. त्यासमोर ते एकटेच त्रिसरण-पंचशील म्हणतात, तेही हळू आवाजात, कारण भिंती पातळ आहेत. साडेसहाला चहा, आठला नाश्ता, साडेबाराला जेवण, साताला रात्रीचे जेवण. घड्याळ स्वयंपाकघराचे, भूक तुमची. दुपारी एक ते चार लांबलचक कॉरिडॉरमध्ये लिफ्टच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. साडेसातला जेवण आटोपले की पहाटेपर्यंत साडेनऊ तास. झोप मात्र चार-पाच तासांचीच. उरलेल्या वेळाचे काय करायचे, हे कोणत्याच माहितीपत्रकात छापलेले नसते.

बुधवारी सकाळी दहाला बाजारात नेणारी गाडी सुटते आणि साडेबाराला परत येते. त्याव्यतिरिक्त गेटबाहेर जायचे तर रजिस्टरमध्ये नाव, कारण, परतण्याची वेळ आणि नातेवाईकाचा फोन नंबर लिहायचा. संध्याकाळी सहानंतर बाहेर पडायचे नाही. एक रात्र बाहेर राहायचे असेल तर मुलाची लेखी संमती लागते. ज्या माणसाने नोकरीत कोट्यवधींची कर्जे स्वतःच्या सहीने मंजूर केली, त्याला परभणीच्या लग्नाला जाण्यासाठी अमेरिकेतल्या मुलाचा मेल दाखवावा लागतो! एका वर्षी काकांना सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे होते. गर्दी तुमच्या वयाला झेपणार नाही, मुलाला विचारा, असे व्यवस्थापकाने सांगितले. मुलगा कामानिमित्त प्रवासात होता. त्याचा मेल आला तेव्हा सहा डिसेंबरची संध्याकाळ झाली होती. मुलाने होकारच दिला होता.

तिथले शेजारी वाईट नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आडनाव विचारून झाल्यावर कोणी काकांना हाकलून दिले नाही. संध्याकाळी पाचला भजनी मंडळ असते, त्यांनाही बोलावणे आले. ते एकदा गेले, मग गेले नाहीत. स्वयंपाकघर शाकाहारी आहे. सुकट-भाकरीची आठवण काढली तर समोरचा माणूस विषय बदलतो. गणेशोत्सवाची वर्गणी दर महिन्याच्या बिलात लावून येते, पण १४ एप्रिलला हॉलमध्ये छोटा कार्यक्रम घेऊ का, असे विचारल्यावर राजकीय कार्यक्रमांना परवानगी नाही, हे उत्तर मिळाले. त्या सगळ्या आवारात त्यांना जयभीम घालणारी एकच व्यक्ती आहे. फरशी पुसायला येणारी बाई. तीही आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घालते.

मग २०२० चा मार्च आला. लॉकडाऊनचा काळ सर्वांनीच भोगला, पण वसाहतीतल्या म्हाताऱ्यांनी तो खोलीच्या चार भिंतींत भोगला. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून पोऱ्या बेल वाजवून निघून जायचा. भोजनगृह बंद, बाके पट्ट्या लावून बंद. पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी फोनवर बोलायचे. एके दिवशी त्या फोनवर कोणी येईना. चार दिवसांनी दारावरची नावाची पाटी काढलेली दिसली, तेव्हा काकांना काय ते समजले. साठ वर्षांवरील सर्वांचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झाले. त्या महिन्यात लस घ्यायला म्हणून ते जवळजवळ वर्षभराने प्रथम गेटबाहेर पडले.

इथे वकील म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मे २०२० च्या आदेशात पासष्टच्या वरच्या व्यक्तींनी, अत्यावश्यक गरज आणि प्रकृतीची कारणे वगळता, घरीच राहावे असे बंधन होते. ३० मे २०२० च्या आदेशात तोच मजकूर सल्ला म्हणून आला. सक्ती संपली आणि सल्ला उरला. पण किती वसाहतींनी आणि किती वृद्धाश्रमांनी हा फरक आपल्या रहिवाशांना सांगितला? सरकारलाही तो फरक मानवला नव्हता. आपल्या राज्य सरकारने चित्रीकरणाच्या जागी पासष्टवरील कलाकारांना बंदी घातली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी ती भेदभाव करणारी ठरवून रद्द केली. वयाच्या आकड्यावरून माणसाचा पोट भरण्याचा आणि सन्मानाने जगण्याचा हक्क काढून घेता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. कलाकारांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, कारण त्यांना बाहेर पडून वकील गाठता आला. कोंडलेला म्हातारा कोणाला गाठणार?

साथ गेली, नियम मात्र राहिले. सहाचे गेट, रजिस्टर, मुलाचा मेल यांतले बरेचसे त्या काळात सुरक्षेच्या नावाने आले आणि सोयीचे म्हणून टिकले. सोय अर्थातच व्यवस्थापनाची. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रस्त्यावर भरकटू नये म्हणून काळजी घ्यावी लागते, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी डॉक्टरी तपासणी करून त्या माणसापुरती व्यवस्था करावी लागते. सरसकट सगळ्यांना कुलूप लावणे ही काळजी नव्हे. सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठरावीक हद्दीत अडकवून ठेवणे हा गैर परिरोध आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये तो गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेतही होता. करारावर सही केली म्हणून तो गुन्हा राहत नाही, असे नाही. खासगी बिल्डरला संविधान लागू नाही, असे सांगणारेही भेटतात. कलम १९ आणि २१ खालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने म्हटले आहे, ते त्यांना दाखवावे.

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. महारेराने २०२४ साली निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दार निदान ९०० मिलिमीटर रुंद हवे, चाकाची खुर्ची जाईल असा उतार हवा, लिफ्ट हवी, न्हाणीघराची फरशी न घसरणारी हवी. चांगलेच आहे, म्हाताऱ्याचे हाड एकदा मोडले की जुळता जुळत नाही. परंतु दाराची रुंदी मोजणाऱ्याने त्या दारातून रहिवाशाला केव्हा बाहेर जाता येईल, हेही विचारायला हवे होते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाची गत तीच. वृद्धाश्रमांसाठी राज्याने जी योजना करायची, तिच्यात वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाची साधने यांचा उल्लेख आहे. जाण्या-येण्याच्या स्वातंत्र्याचा नाही. प्रांताधिकाऱ्यांपुढचे न्यायाधिकरण मुलांविरुद्ध निर्वाहाचा दावा ऐकते. संस्थेविरुद्धची तक्रार ऐकण्याची सोय त्या कायद्यात नाही. (शिवाय कलम १७ प्रमाणे तिथे वकिलाला उभे राहता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली ही बंदी मोडीत काढली.) ज्येष्ठांची निवासगृहे नोंदणीखाली आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर तेही व्यपगत झाले. साडेचार वर्षांत सरकारला त्यासाठी सवड झाली नाही.

आता त्या फरशी पुसणाऱ्या बाईकडे या. कंत्राटदार बदलला की तिची नोकरी नव्याने सुरू होते. भविष्य निर्वाह निधी कागदावर. काकांकडे निदान पेन्शन आणि खोली आहे, ती थकल्यावर तिच्यासमोर काय आहे? श्रावणबाळ योजनेचे पैसे २०२३ मध्ये वाढून महिना १५०० रुपये झाले. केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ऐंशीच्या आतल्यांसाठी २००७ साली २०० रुपये होता आणि २०२४ सालीही २०० रुपयेच होता. सतरा वर्षांत तूरडाळीचा भाव कुठे गेला, हे दिल्लीत कोणाला ठाऊक नाही असे समजायचे का? आणि आसरा? २००७ च्या कायद्याचे कलम १९ सांगते की प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन 'करू शकेल'. करील असे नाही, करू शकेल. एका क्रियापदाने सगळी जबाबदारी ऐच्छिक करून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगावे लागले, यावरून अंमलबजावणीची कल्पना यावी.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. घरात काही तरी शिल्लक राहण्याची हमी नशिबावर किंवा मुलांच्या दयेवर सोडायची नव्हती. संविधानात आले ते कलम ४१, वृद्धापकाळात सार्वजनिक साहाय्याचा हक्क, तोही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. ही मर्यादा म्हाताऱ्यांच्याच बाबतीत बरोबर आठवते.

आपल्या विहारांचेही बोलले पाहिजे. वर्षावासात ग्रंथवाचन होते, जयंतीला मिरवणूक होते, पण गावोगावच्या वसाहतींत आणि आश्रमांत आपले कोण म्हातारे पडले आहेत, याची यादी एकाही विहार समितीकडे मी पाहिलेली नाही. काकांच्या वसाहतीपासून दोन किलोमीटरवर एक विहार आहे. तिथल्या पोरांना ते तिथे राहतात हे माझ्याकडून कळले. आता त्यांतले दोघे पौर्णिमेला येऊन रजिस्टरवर सही करतात आणि त्यांना वंदनेला नेतात. व्यवस्थापकाने सुरुवातीला का-कू केली, लेखी नियम मागितल्यावर गप्प बसला.

वसाहतीत पैसे भरण्याच्या विचारात असलेल्या वाचकांनी सही करण्यापूर्वी करार वकिलाला दाखवावा. मालकी मिळते की नुसता राहण्याचा परवाना, अनामत बिनव्याजी असेल तर किती दिवसांत परत, बाहेर जाण्यावर कोणाची संमती, एवढे तरी वाचून घ्यावे. अवाजवी अनामत किंवा एकतर्फी अटी असलेला करार ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे अन्याय्य करार ठरू शकतो. ती तक्रार जिल्हा आयोगात नव्हे, राज्य आयोगात करावी लागते.

आणि ज्यांच्याकडे भरायला पैसेच नाहीत त्यांच्यासाठी एक काम चळवळीच्या प्रत्येक तालुका शाखेला करता येईल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. कलम १९ खालचा शासकीय वृद्धाश्रम जिल्ह्यात आहे का, मंजूर क्षमता किती, आज राहणारे किती, त्यांत अनुसूचित जातीचे व बौद्ध किती, गेल्या तीन वर्षांत तपासणी कोणत्या तारखांना झाली, आणि रहिवाशांना बाहेर जाण्यासाठी कोणाची परवानगी लागते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. माझ्या जिल्ह्यापुरता अर्ज मी दिला आहे.