आधी ब्रेक, मग हॉर्सपॉवर

धानाची कापणी आणि चुरणे आटोपले की गोंदिया जिल्ह्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. बांधीतून खळ्यावर, खळ्यावरून मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर, नाहीतर थेट राईस मिलवर. याच दिवसांत जुन्या ट्रॅक्टरचे सौदेही होतात. दोन-चार एकरांच्या धान उत्पादकाला नवा ट्रॅक्टर झेपत नाही. जुना घेणे हाच शहाणपणाचा व्यवहार. चिंता आहे ती निवडीची. किती एचपीचा, किती तास चालला, किती कट्टे ओढतो, हे सगळे विचारतात. भरल्या ट्रॉलीसह थांबतो कसा, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

हिशेब करून पाहा. ४० किलोचे १०० कट्टे म्हणजे ४ टन धान. ट्रॉलीचे स्वतःचे वजन टनभर तरी धरा. मागे पाच टन आणि पुढे जेमतेम दोन टनांचा ट्रॅक्टर. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात; मग सात टनांचा हा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनीच थोपवायचा. देवरी-सालेकसाकडच्या उतारावर ट्रॉली मागून रेटू लागली की ट्रॅक्टर आडवा व्हायला वेळ लागत नाही. सपाट रस्त्यावर ४० एचपीचे इंजिन खालच्या गिअरमध्ये एवढे ओझे सावकाश ओढून नेते. थांबण्याच्या वेळी मात्र ब्रेक, टायर आणि ट्रॅक्टरचे वजन एवढेच कामी येते. म्हणून पाच एचपी कमी घ्या, पण वाचलेला पैसा ब्रेक आणि टायरवर घाला.

आपल्या भागातला जुना ट्रॅक्टर बहुधा रोवणीच्या चिखलणीत राबलेला असतो. केजव्हील लावून पाणी भरलेल्या बांधीत फिरताना एक्सलचे ऑइल सील झिजते आणि पाणी, गाळ आत शिरतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मागच्या हाउसिंगचा ड्रेन प्लग थोडा सैल करून पहिले तेल काचेच्या बाटलीत घ्या. तेल दुधाळ निघाले तर आत पाणी गेले आहे. तेलातले ब्रेक असतील तर त्याच तेलात ब्रेकच्या प्लेटाही बुडालेल्या असतात, हे लक्षात घेऊन किंमत ठरवा. कोरडे ब्रेक असतील तर ते उघडून गाळ आणि गळती पाहा.

मग डावे-उजवे पेडल कडीने जोडा आणि मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला गेला तर दोन्ही ब्रेक सारखे लागत नाहीत. शेतात वळण्यासाठी सोडलेली ही कडी रस्त्यावर जोडलेलीच हवी. स्टिअरिंगचा प्ले, पुढच्या एक्सलचे किंगपिन, हुक आणि त्याची पिन हाताने हलवून बघा. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडा. वर जोडली तर जोर लावताना पुढची चाके उचलतात. तासांच्या मीटरवर विसंबू नका. मीटर बदलता येतो, घासलेले पेडल आणि झिजलेले टायर खोटे बोलत नाहीत.

कागदपत्रांत ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची नोंदणी वेगवेगळी तपासा. कर्जाचा बोजा उतरला असल्याची खात्री करा. बालाघाट किंवा राजनांदगावकडून गाडी आणणार असाल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात घ्या. विमा ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही हवा, आणि भाड्याने धान ओढणार असाल तर तसा वापर पॉलिसीत बसतो का, हे विचारा. रात्री राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रिफ्लेक्टर आणि मागच्या दिव्याविना उभी असलेली ट्रॉली दुसऱ्याच्या जिवावर उठते.

मेकॅनिक बंधूंना विनंती आहे, गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकवायला सांगेल, तुम्ही त्याला आधी ब्रेक दाखवा. आणि घेणाऱ्यांनो, भरलेली ट्रॉली जोडून चाचणी द्यायला विकणारा तयार नसेल, तर किंमत कितीही उतरली तरी सौदा तिथेच मोडा.