बंदर अंधेरीला आले, मुसाफिरखाना मागेच राहिला

विदर्भ किंवा मराठवाड्यातून आखाती देशात जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाचे तिकीट हातात घेऊन पाहा. सकाळी मुंबईत उतरणे आणि रात्री मुंबईतून उडणे, मधे आठ, दहा, कधी तेरा तास. स्वस्त तिकिटाची ही किंमत असते. कुणी उमऱ्याला निघालेले असते, कुणी मस्कत-कुवेतला मुलाकडे, कुणी पहिल्यांदाच नोकरीवर. हे तेरा तास बहुतेक कुटुंबे विमानतळावरच काढतात. म्हातारी माणसे खुर्चीवर अवघडून बसतात, मुले जमिनीवर झोपतात आणि बाहेरच्या टपरीवर मिळणारा चहा कितीतरी पट दाम मोजून प्यायला जातो. बाहेर का पडत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले : "परत आत घेतले नाही तर?"

ही भीती बऱ्याच अंशी अपुऱ्या माहितीची आहे, म्हणून आधी नियम सांगतो. देशांतर्गत विमानाने मुंबईत उतरलेला प्रवासी इमिग्रेशनचा शिक्का बसेपर्यंत कुठल्याही नागरिकासारखा मोकळा असतो. त्याने बाहेर जावे, फिरावे आणि वेळेवर तिकीट-पासपोर्ट दाखवून परत आत यावे. एकदा पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का बसला की मात्र बाहेरचा रस्ता बंद. म्हणजे निर्णय त्याच्या आधी घ्यायचा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर मोठ्या बॅगा सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जातात. तिकिटे वेगळी असतील तर बॅगा आपल्या गळ्यात. अशा वेळी विमानतळावर पैसे भरून सामान ठेवता येते का, ते चौकशी खिडकीवर विचारावे. परदेशातून येऊन पुढे नागपूरला जाणाऱ्यांना तर मुंबईतच इमिग्रेशन आणि कस्टम पार करावे लागते, तेव्हा ते आपोआपच बाहेर आलेले असतात. अडचण होते ती परदेशी पासपोर्टवाल्या नातेवाइकांची. त्यांच्याकडे भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड नसेल तर त्यांना आतच थांबावे लागते.

दुसरी भीती मुंबईच्या ट्रॅफिकची. तीही आता जुनी झाली. मेट्रो ३ चे स्टेशन टर्मिनल २ जवळ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली. टर्मिनल २ च्या पुढचेच स्टेशन मरोळ नाका. तिथे २०१४ पासून धावणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मिळते. एका बाजूला अंधेरी आणि वर्सोवा, दुसऱ्या बाजूला चार स्टेशनांवर घाटकोपर. सिग्नल नाही, भाड्याची घासाघीस नाही, वेळेचा हिशेब मांडता येतो.

गेल्या जानेवारीत आम्ही असेच निघालो. अम्मी अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखरे. सोबत बायको, अकरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी. सकाळी आठला मुंबईत उतरलो, रात्री साडेनऊचे मस्कतचे विमान. मोठ्या बॅगा पुढे गेल्या होत्या. मरोळला नाश्ता केला आणि रिक्षा करून महाकाली लेणी गाठली.

अंधेरीच्या त्या गर्दीत, कारखाने आणि आयटी कंपन्यांच्या शेजारी, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेल्या १९ बौद्ध लेणी आहेत हे पोरांना खरेच वाटेना. जुने नाव कोंडिविटे. सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. मुलगी स्तूपाभोवती पळत होती, मुलगा विचारत होता की हे यंत्राशिवाय कोरले कसे. अम्मी सावलीत बसून म्हणाली, "हे विमानतळापासून एवढं जवळ, आणि आपण दरवेळी खुर्चीवर बसून राहतो!"

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झालेला, जवळजवळ २०० फूट उंचीचा काळ्या दगडाचा सरळसोट सुळका. चारही बाजूंनी इमारती आणि झोपड्या, माथ्यावर गावदेवीचे मंदिर. तो आम्ही खालूनच पाहिला, पायऱ्या अम्मीला झेपणाऱ्या नव्हत्या. वेळ जास्त असेल तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातल्या शंभरावर कान्हेरी लेणी आहेत, फक्त सोमवार टाळायचा. यातली एकही गोष्ट पाहायला श्रीमंत असावे लागत नाही.

परतीच्या रिक्षात अम्मी आणि मुलगी मराठीत बोलत होत्या. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारले, "तुम्ही मराठी?" अम्मीच्या डोक्यावरची ओढणी आणि तोंडची मराठी यांचा मेळ त्याला लागेना. अम्मी म्हणाली, "वर्ध्याच्या शाळेत शिकले बाबा, मग काय फ्रेंच बोलू?" तो मोकळेपणाने हसला आणि पुढे सगळा वेळ आपल्या साताऱ्याच्या गावाबद्दल बोलत राहिला. मराठी मुसलमानाला हा प्रश्न आयुष्यभर विचारला जातो. त्याचे उत्तर लेख लिहून जितके देता येते, त्याहून जास्त अशा अर्ध्या तासाच्या रिक्षाप्रवासात दिले जाते. त्यासाठी बाहेर पडावे लागते. विमानतळाच्या काचेमागे बसून ओळख होत नाही.

इथपर्यंत सगळे छान. अडले ते जोहरच्या नमाजला.

रस्त्यालगत मशीद होती, मोठी, स्वच्छ. मी आणि मुलगा आत गेलो. वजूला पाणी, शौचालय, पंखा, सतरंजी, सगळे होते. दारातल्या माणसाने अम्मीला आणि बायकोला अदबीने सांगितले, "खवातीनसाठी इंतजाम नाही." दोघी बाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या. शेवटी समोरच्या शिलाई दुकानातल्या बाईने हाक मारली, मागची खोली उघडून दिली, चादर अंथरली, अम्मीला स्टूल दिले. त्या बाईचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण एका भल्या बाईची माणुसकी म्हणजे समाजाची व्यवस्था नव्हे. तिचे दुकान त्या दिवशी बंद असते तर?

यावर ठरलेले उत्तर असते : बायकांची नमाज घरातच बरी. ठीक आहे, पण मुसाफिर बाईचे घर कुठे आहे? तिचे घर आठशे किलोमीटर मागे राहिले. शरियतने मुसाफिरासाठी केवढी सवलत ठेवली आहे. चार रकात फर्जच्या दोन होतात. कोकणातले आपले शाफई भाऊबंद जोहर आणि असर एकत्र करू शकतात. आम्हा हनफींना ती सवलत नाही, पण कसरची आहे. ज्या धर्माने मुसाफिराची नमाज निम्मी केली, त्याच्या मशिदीत मुसाफिर बाईला उभे राहायला चार हात जागा नसावी? हा दोष धर्माचा नाही, विश्वस्तांच्या सवयीचा आहे. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने तिथेच प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की स्त्रियांना नमाजसाठी मशिदीत यायला इस्लामची मनाई नाही. बोर्ड काही सुधारकांचा अड्डा नाही. मग अडवते कोण?

आता मुद्द्याच्या मुळाशी येतो. मुंबईत प्रवासात मधेच थांबणे आपल्या समाजाला नवे नाही. १९९५ पर्यंत हाजी मुंबईच्या बंदरातून जहाजाने जात. देशभरातून आलेली कुटुंबे जहाज सुटेपर्यंत दिवसचे दिवस मुंबईत राहत. त्यांच्यासाठी त्या काळच्या व्यापाऱ्यांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना आजही प्रसिद्ध आहे. मेमन, कच्छी, कोकणी, बोहरा, ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे मुसाफिराची सोय केली. त्यांना कळत होते की प्रवासी आपल्या दारात उतरतो, तेव्हा तो आपली जबाबदारी असतो. पुढे सरकारी हज यात्रेकरूंसाठी सीएसएमटीजवळ हज हाऊस झाले.

मग जहाजे थांबली. बंदर सहारला आले, म्हणजे अंधेरीला. पण मुसाफिरखाने तिथेच राहिले, दक्षिण मुंबईत. हज हाऊसचा उपयोग हजला, तोही ठरावीक हंगामात. उमऱ्याला निघालेली म्हातारी, पहिल्यांदा विमानात बसणारा नांदेडचा सुतार, बाळंतपणाला मुलीकडे निघालेली आई, यांच्यासाठी मरोळ, साकीनाका, जोगेश्वरी, कुर्ला या आपल्याच दाट वस्त्यांमध्ये काय आहे? मशिदी आहेत, मदरसे आहेत, शादीखाने आहेत. मुसाफिरासाठी मात्र ठरवून ठेवलेली एक खोली शोधावी लागते.

सिंगापूर आपल्या विमानतळावर काही तास थांबलेल्या प्रवाशांना शहराची फुकट सहल घडवते. इस्तंबूलमध्ये टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांसाठी तेच करते. ते काही पुण्य कमावायला नव्हे. पाहुणा खुश झाला तर परत येतो, हा हिशेब आहे. असे काही महाराष्ट्र सरकारने, पर्यटन खात्याने करावे ही मागणी रास्तच आहे आणि ती केली पाहिजे. कान्हेरी आणि महाकाली लेणी विमानतळाच्या इतक्या जवळ असून त्यांचा उपयोग न करणे हे करंटेपण आहे. पण सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण आपल्याला हवे ते फार मोठे नाही.

मरोळ परिसरातल्या एका मशिदीने किंवा जमातीने दोन खोल्या द्याव्यात, एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. स्वच्छ संडास, वजूची जागा, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या, बॅगा ठेवायला कुलूपबंद कपाटे, मोबाइल चार्जिंग, बेतशीर दरात चहा-जेवण. दारावर पाटी उर्दूत असावी तशी मराठीत आणि हिंदीतही असावी. आणि आत येणाऱ्याला धर्म विचारू नये. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कुणी विचारत नाही. रिकाम्या दुपारी बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती कुटुंबानेही तिथे पाठ टेकली तर त्या जागेची बरकत वाढेलच.

पैसा कुठून, हा प्रश्न मला पटत नाही. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि त्यात 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेवरचा मुसाफिर, स्पष्ट नावाने आहे. जकात तिच्या नियमांत राहून खर्च करा, बाकीच्यासाठी सदका आहे, वक्फ आहे. आपल्याकडे जकातीचा विचार मदरसा आणि रमजानचे रेशन किट यांच्यापलीकडे क्वचित जातो. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर आपण रस्त्यावर उतरलो, न्यायालयात गेलो. ते आवश्यकच होते. पण वक्फच्या जमिनी वाचवायच्या असतील तर त्या कुणाच्या उपयोगी पडतात हे शेजाऱ्याला दिसलेही पाहिजे. ज्या वक्फच्या खोलीत एखाद्या अनोळखी म्हातारीला दोन तास पडायला मिळाले, त्या वक्फची बाजू ती म्हातारी स्वतः मांडेल.

प्रवास करणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी मधे आठ तास असतील तर बाहेर पडा. परतीची वेळ आधी ठरवा, विमानाच्या चार तास आधी टर्मिनलकडे वळा, तिकीट-पासपोर्ट अंगावर ठेवा. मुलांना एखादे लेणे दाखवा. आणि वाटेतल्या मशिदीत बायकांना जागा नसेल तर भांडू नका, पण मुकाट्याने निघूनही जाऊ नका. विश्वस्तांना भेटा, नाव-गाव सांगा, जागा मागा. दहा कुटुंबांनी मागितली तर अकराव्याला मिळेल.

नवी मुंबईचे विमानतळही आता सुरू झाले आहे. उद्या पनवेल-उलव्याच्या बाजूला हाच प्रश्न उभा राहणार. तिथल्या कोकणी जमाती जुन्या, कर्त्या आणि एकमेकांना धरून आहेत. अंधेरीत आपल्याला तीस वर्षे उशीर झाला. तिथे पहिल्या वर्षीच दोन खोल्या बांधता येतील.