बोट धक्क्याला लागते तेव्हा

पूर्वी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस म्हटला की महाबळेश्वर, फार तर सिमला. हल्ली आमच्या लकडगंजात "सिंगापूर आणि बोट" हे ठरूनच गेले आहे. नागपूरहून मुंबई नाहीतर दिल्ली, तिथून सिंगापूर, आणि सिंगापूरच्या धक्क्यावरून तीन-चार रात्रींची बोट. मध्ये एक दिवस ती मलेशियातल्या पेनांगला, नाहीतर पोर्ट क्लांगला, नाहीतर थायलंडमधल्या फुकेतला थांबते. परत आलेल्या बायकांना मी मुद्दाम विचारते, "शहर कसं होतं गं?" उत्तर येते ते बोटीवरच्या जेवणाचे! पोहण्याचा तलाव, रात्रीचा नाच, न्याहारीला बावीस प्रकार. आणि शहर? "बसमधून दाखवलं की."

वर्षभर भिशीतून, किराण्यातून वाचवलेल्या पैशांचा हा प्रवास. बोट तर समुद्रात कुठेही सारखीच. परका देश म्हणून जो काही बघायला मिळतो तो त्या एका दिवसातच, आणि त्याच दिवसाचा कुणी नीट विचार करत नाही.

जरा हिशेब मांडा. सकाळी आठला बोट लागली आणि संध्याकाळी सहाला सुटणार, असे धरू. उतरायची रांग आणि कागदपत्रे यात एक तास जातो. सुटण्याच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी आत यावे लागते. राहिले आठ तास. आता दुपारचे जेवण बोटीवर "पैसे भरलेलेच आहेत" म्हणून परत फिरलात, की येणे-जाणे, पुन्हा तपासणी, जेवण आणि मग "जरा पडते" यात दुपार संपली. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत हा आपला संस्कार आहे, मान्य. पण एक जेवण वाचवायला अर्धे शहर घालवायचे, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट, आपण उतरणार कुठे हे घरूनच बघून जावे. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर शहर रस्त्याने तासाभराहून लांब आहे. तिथे बोटीच्या लोकांनी ठरवलेली बसच बरी, कारण त्यांच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. आपण केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. पेनांगचे मात्र उलटे. धक्का जॉर्जटाउन या जुन्या शहराच्या अगदी काठाला आहे. उतरून पाच-सात मिनिटे चालले की घड्याळाचा मनोरा, त्याच्यासमोर जुना किल्ला. १७८६ साली फ्रान्सिस लाइट या इंग्रजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी घेतले, तेव्हापासूनचे हे शहर. २००८ मध्ये मलाक्का शहराबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. इथे बसची गरजच काय?

आम्ही गेल्या दिवाळीच्या सुटीत गेलो, आम्ही दोघे, मोठे भावजी, जाऊबाई आणि सासूबाई. पुरुषमंडळींनी डोंगरावरच्या रेल्वेची बस पसंत केली. पेनांग हिल आणि तिथून जवळचे केक लोक सी हे बुद्धमंदिर, दोन्ही छानच म्हणतात. पण ते शहरापासून दूर आणि गाडीसाठी रांग. ते केले की जुने शहर राहिलेच समजा. सासूबाईंचे गुडघे बघता आम्ही तिघींनी शहर घेतले. "बाया बाया कुठं भटकाल?" असे भावजी म्हणाले, तर सासूबाईच म्हणाल्या, "तुम्ही चढा डोंगर. आम्ही जाऊन राहिलो बाजारात."

सासूबाईंसाठी तीनचाकी सायकलरिक्षा केली. इथे गंमत अशी की चालवणारा मागे आणि बसणारा पुढे! आपल्या इतवारीच्या सायकलरिक्षाच्या अगदी उलट. समोर कुणाची पाठ नाही, त्यामुळे सगळा रस्ता आपला. तासाचे किती ते बसण्याआधी ठरवून घ्यावे.

एकाच रस्त्याच्या आसपास काय काय आहे म्हणता! वरच्या टोकाला १८१८ चे इंग्रजांचे देऊळ, पुढे चिन्यांच्या दयादेवीचे मंदिर, तिथे जाडजूड उदबत्त्यांचा धूर, मग कापितान केलिंग मशीद, जी हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारली, आणि शेजारच्या गल्लीत १८३३ चे महामारिअम्मनचे मंदिर. तिथला मोगऱ्याचा वास आला आणि सासूबाईंचा चेहरा खुलला. मशिदीत बायकांना अंगावर घ्यायला झगा देतात. तरी खांदे झाकणारा पंजाबी पोशाख आणि सहज काढता येतील अशा चपला असल्या की सगळीकडे निभते.

आपली माणसे इथे केवळ व्यापाराला आली नाहीत बरं का. अंदमानच्या आधी काळे पाणी म्हणजे पेनांग, सिंगापूर अशी बेटेच होती. बंगालहून, पुढे मद्रास-मुंबई इलाख्यांतूनही कैदी इकडे पाठवले जात, आणि त्यांच्याकडून रस्ते, पूल बांधून घेत. त्यातले किती जण घरी परतले असतील!

ऊन मात्र फसवे. बत्तीस अंश ऐकून जाऊबाई हसल्या, नागपूरकरणीला बत्तीसचे काय कौतुक! पण तासाभरात तिघी घामाने चिंब. हवा दमट, घाम वाळतच नाही. ऑगस्टमध्ये आपला वाळ्याचा कूलर जसा नुसता ओल फेकतो, तसेच. पाणी, छत्री आणि एक जास्तीचा रुमाल पिशवीत हवाच. दिवाळीच्या सुमारास तिथे पावसाचेही दिवस असतात.

शेवटी धक्क्याच्या बाजूनेच च्यू जेटीला गेलो. समुद्रात खांब रोवून त्यांवर फळ्या, फळ्यांवर घरे, अशी चिनी कुळांची वस्ती. च्यू हे त्यातल्या एका कुळाचे नाव. माणसे अजून राहतात तिथे. दारातून आत डोकावून फोटो काढू नयेत, एवढे भान ठेवावे. आमच्या घरची लाकडाची टाल. चौकटीसाठी "मलेशियन साल" हे शब्द सासूबाईंनी चाळीस वर्षे दिवसातून दहादा ऐकले. टालीवर बसायला त्यांना कधी कुणी सांगितले नाही, पण लाकूड त्यांना कळते. तिथल्या कट्ट्यावर बसून त्यांनी फळीवरून हात फिरवला, बोटाने टकटक केली आणि म्हणाल्या, "खाली पाणी, वर पाऊस, तरी टिकलं." मग बराच वेळ समुद्राकडे बघत बसल्या. आम्हीही उठवले नाही. भिंतीवरच्या चित्रांसमोर फोटो काढायचे राहिले ते त्यामुळेच, आणि तिथली रांग ऐकून माहीत होती, म्हणून मला त्याचे वाईटही वाटले नाही.

खाण्याचे सांगते. लिटल इंडिया भागात केळीच्या पानावर भात-सांबार, इडली-दोसा मिळते. शाकाहारी बायकांनी तिथेच जावे. इतर ठिकाणी नुसती पालेभाजी मागवली तरी तिच्यात बेलाचान असू शकते. ते म्हणजे बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेले वाटण. आधी विचारावे. चेंदोल जरूर खा : किसलेला बर्फ, नारळाचे दूध, ताडाच्या गुळासारखा काळा गूळ आणि हिरव्या शेवया. वर राजमाही असतो. "बर्फात राजमा? काहून बापा?" म्हणत जाऊबाईंनी वाटी चाटून पुसून संपवली.

विकत घेण्यासारखी वस्तू एकच, जायफळ. आपण श्रीखंडात, पुरणात किसतो ती फक्त बी. तिथे बाहेरच्या फळाच्या फोडी साखरेत मुरवून विकतात, सरबतही करतात. बंद पाकिटातलेच घ्यावे. ताजी फळे बोटीवर चढू देत नाहीत.

सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, हे निघण्यापूर्वी बघून घ्या, कारण बोटीवरून आपण तिथेच परत येतो. मलेशियाचे नियम मधूनमधून बदलतात, तेही त्याच आठवड्यात विचारावेत. आणि घड्याळ! सिंगापूर आणि पेनांगची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पण फुकेतची वेळ सिंगापूरपेक्षा तासभर मागे. बोट बहुधा स्वतःचीच वेळ पाळते आणि आपला मोबाइल मात्र किनाऱ्याला लागताच स्वतःहून बदलतो. चार वाजले समजून बाजारात रमलात तर बोटीवर पाच झालेले असतात. म्हणून मनगटावर एक साधे घड्याळ बांधा, बोटीवरच्या घड्याळाशी जुळवा, आणि परत चढेपर्यंत त्याला हात लावू नका.