एका घोटात चार गोळ्या

मे महिन्यात शिराळा तालुक्यात धूळवाफेवर भाताची पेरणी चालते. बाया दिवसभर उन्हात असतात. शेतात आडोसा नसतो, म्हणून पाणीही बेतानंच प्यायलं जातं. मग उन्हाळी लागते, लघवीला आग होते. धण्याच्या पाण्यानं भागलं नाही की दवाखाना गाठायचा आणि पुडी घेऊन यायचं: अँटिबायोटिक, रक्तवाढीची गोळी, कॅल्शियम, वर ताकदीची कॅप्सूल. चहा-भाकरी झाली की सगळ्या तळहातावर घेऊन एकाच घोटात. आमचा आक्षेप या घोटाला आहे.

म्हणतात, अँटिबायोटिकनं अशक्तपणा येतो, ताकदीचं सोबतच घ्यावं. पण सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन या जातीची औषधं लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम भेटलं की आतड्यातच त्यांना बिलगतात. ही जोडी रक्तात नीट शोषली जात नाही, शौचावाटे निघून जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन लोहाबरोबर दिलेल्या प्रयोगांत निम्म्याहून अधिक औषध असं फुकट गेलं. म्हणजे ताकद मिळाली ती जंतूंना!

दुसरं समर्थन घराघरात ऐकू येतं: गोळी गरम पडते, दुधाबरोबर घ्या. वारणाकाठच्या दुधाशी आमचं भांडण नाही, पण त्यातलं कॅल्शियमही तेच करतं. नुसत्या दुधाबरोबर घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचा सुमारे तिसरा हिस्सा अंगी लागत नाही. गोळी पाण्याबरोबरच घ्यावी.

आणि 'पोटात गेल्यावर सगळं एकच होतं' हा तिसरा युक्तिवाद? एकच होतं, हीच तर तक्रार आहे.

म्हणून लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाका, असं सांगणाऱ्यांचंही आम्हाला पटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यांना लोह हवंच. प्रश्न वेळेचा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन आधी घ्यावं आणि लोह निदान 2 तासांनी; लोह आधी घेतलं असेल तर 6 तास थांबावं. गोळी सकाळी 8 ला आणि रात्री 8 ला असेल तर लोह दुपारी 12 ला घ्यावं, दोन्ही साधतं. कॅल्शियम तेवढे दिवस थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईनं मात्र लोह-कॅल्शियम आपल्या मनानं बंद करू नये. तिला सहसा ही अँटिबायोटिकं देतच नाहीत.

हा नियम सरसकटही नाही. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गावर हल्ली आधी देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यायचं असतं. त्याला लोहाची अशी अडचण नाही, पण मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं ॲसिडिटीचं औषध चालत नाही. तेव्हा गोळीचं नाव कळल्याशिवाय वेळ ठरत नाही, आणि कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्यांवर नाव नसतं. पुडीवर नाव आणि वेळ लिहून देणं हे देणाऱ्याचं काम आहे. ते तो करत नसेल तर बायांनो, तिथंच उभं राहून विचारा: यातली अँटिबायोटिक कुठली, आणि रक्तवाढीची गोळी तिच्यानंतर किती तासांनी? उत्तर मिळाल्याशिवाय पुडी उचलू नका.