पडद्यावरची कात आणि कापूस वेचणारे हात

१९७५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून घोषित केले. त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली आणि त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे मलम भारतीय बाजारात उतरले. हा योगायोग असेल. पण पुढील अर्धशतकात तिघांपैकी सरशी कोणाची झाली, हे कोरपन्यासारख्या गावच्या दुकानांतून लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळाच सांगतात.

‘फुलराणी’चे मूळ शॉच्या १९१३ सालच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात आहे. शॉ समाजवादी होता. फुले विकणारी पोर आणि उमरावकन्या यांतले अंतर रक्ताचे नसून भाषेचे व संधीचे आहे, हा त्याचा मुद्दा. म्हणूनच त्याची नायिका आपल्याला ‘घडवणाऱ्या’ला जाब विचारते. हिंदी चित्रपटाने या कथेतला पोशाख उचलला आणि जाब गाळला. ‘खून भरी माँग’मधली (१९८८) साधीसुधी विधवा शस्त्रक्रियेने रूपवती झाल्यावरच सूड घेऊ शकते, ‘कुछ कुछ होता है’मधली (१९९८) आखूड केसांची अंजली साडी नेसून आल्यावरच नायकाला स्त्री म्हणून दिसते.

कोरपना तालुक्यात कापूस वेचणाऱ्या स्त्रीचे रापलेपण हा तिच्या श्रमाचा दाखला आहे. पडदा त्यालाच दोष ठरवतो. गरजेतून मागणी निर्माण होते, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. येथे आधी न्यूनगंडाचे उत्पादन होते, मग त्यावरचा उतारा विकला जातो. आणि किंमत मोजली जाते ती किलोवर मिळणाऱ्या वेचणीच्या मजुरीतून! २०२० साली मलमाच्या नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. पाटी बदलली, धंदा चालूच आहे.

मग स्त्रीने नटूच नये काय? तसे कोणीही म्हणत नाही. गोंड स्त्रियांचे गोंदण हाही शृंगारच आहे. मरणानंतरही सोबत येणारा दागिना, अशी त्याविषयी श्रद्धा आहे. परंतु ते गोंदण स्त्रीला तिच्या माणसांशी जोडते. तिचे मूळ रूप चुकीचे होते, असे ते कधीच सांगत नाही.

तेव्हा वेचणीच्या दरासाठी भांडणाऱ्या संघटनांनी हा प्रश्न ‘बायकी’ म्हणून बाजूस सारू नये. आरशासमोर जिला स्वतःची लाज वाटते, तिला मालकासमोर ताठ मानेने दर मागणे जड जाते.