पांढरी दोनचा मायनर नाइन्थ

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एक कीबोर्ड असतो. पगारवाढ झाली तेव्हा घेतलेला, आणि सहा महिन्यांनी कव्हर घालून कपाटावर गेलेला. मधल्या काळात काय होतं? व्हिडिओ बघून चार कॉर्ड पाठ होतात. मग कुणीतरी सांगतं, जरा जॅझसारखं वाजवायचंय तर मायनर नाइन्थ शीक. स्क्रीनवर पाच पट्ट्या निळ्या होतात, त्यांवर आपण बोटं ठेवतो. वाजतं झकास! पण 'हेच दुसऱ्या स्केलमध्ये वाजव' म्हटलं की पुन्हा व्हिडिओ शोधा. आमच्या धंद्यात याला हार्डकोडिंग म्हणतात.

माझं म्हणणं असं, की ही कॉर्ड आपण पेटीवाल्यांच्या भाषेत शिकावी. पेटीवाला गायकाला विचारतो, "तुमचा सा कुठला?" उत्तर येतं, "काळी चार." विषय संपला. म्हणजे सा हा व्हेरिएबल, आणि बाकीचे स्वर म्हणजे त्याच्यापासूनची अंतरं. मायनर नाइन्थही तेवढीच आहे: सा, कोमल ग, प, कोमल नि आणि वरचा शुद्ध रे. अर्ध्या स्वरांत मोजलं तर ०, ३, ७, १०, १४. सा पासून मोजत गेलं की वरचा सा आठवा आणि रे नववा, म्हणून नाइन्थ. गोंधळ होतो तो नावातल्या 'मायनर'मुळे. तो गंधाराचा आहे, रे चा नाही. रे शुद्धच. आणि नि गाळलात तर ती मायनर नाइन्थ राहत नाही, रे मिसळलेली साधी मायनर कॉर्ड होते.

आता पांढरी दोन, म्हणजे डी, हा सा धरा. तिथून एक सोडून एक पांढरी पट्टी दाबत जा: डी, एफ, ए, सी, ई. झाली कॉर्ड, एकही काळी न लागता. पांढरी सहावरही हेच जमतं. पण हीच युक्ती पाठ करून पांढरी तीनवर गेलात तर तोंडघशी पडाल, कारण तिथे रे कोमल लागतो आणि कॉर्ड कडवट होते. शुद्ध रे हवा तर काळी तीन घ्यावी लागते. पांढरी एकवर तर ग आणि नि दोन्ही शुद्ध लागतात, म्हणजे कॉर्डच मेजर! आकार फसवतो, अंतर फसवत नाही.

वाजवताना पाचही स्वर एका हातात कोंबू नका. डाव्या हाताने खाली नुसता सा, उजव्यात ग, प, नि, रे. गंमत अशी की उजव्या हातातले हे चार स्वर, एफ, ए, सी, ई, म्हणजे स्वतंत्रपणे एफ मेजर सेव्हन्थ. खाली सा कोण धरून बसलंय यावर त्यांचा अर्थ बदलतो. तानपुऱ्यासमोर बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये.

यावर लोक म्हणतात, 'पण ते त्यांचं संगीत, हे आपलं.' माझगावात ही वाटणी फार सोपी वाटते. म्हातारपाखाडीच्या बाजूला ईस्ट इंडियन घरं आणि चर्चचा क्वायर, तर दुसरीकडे चाळीतली भजनाची पेटी. पण याच मुंबईच्या सिनेसंगीताने ही भिंत केव्हाच पाडली होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेले वादक इथल्या ऑर्केस्ट्रांत बसले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा आणि हे लोक तिच्याखाली कॉर्ड लिहायचे. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसूझा. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सारंग रागात व्हायोलिन कन्चेर्टो लिहिला. आज बहुतेकांना त्यांचं नाव माहीत आहे ते फक्त 'अमर अकबर अँथनी'मुळे (१९७७). त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गाण्यात आणलं म्हणून! पोस्टरवर संगीतकाराचं नाव मोठं, अरेंजरचं बहुधा नाहीच. 'ते त्यांचं' म्हणताना आपण हेच पुन्हा करतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे. मायनर नाइन्थचे पाचही स्वर भीमपलासात आहेत, पण तिथे रे आरोहात येत नाही, फक्त उतरताना येतो. कॉर्ड मात्र पाचही स्वर एकदम आपटते. गायक वर चढत असताना खाली रे धरून ठेवलात तर रागाचा चेहराच जातो. म्हणून कॉर्ड कुठे धरायची यापेक्षा कुठे सोडायची हे जास्त महत्त्वाचं, आणि ते कुठल्याच निळ्या पट्ट्या दाखवत नाहीत. अरेंजरचं खरं काम हेच होतं.

असो. या वीकेंडला कीबोर्ड खाली काढा. पांढरी दोनला सा धरा, प्रत्येक स्वर आधी तोंडाने म्हणा, मग दाबा. जमलं की काळी एकवर जा, व्हिडिओ न बघता. अडलात तर सा पासून पुन्हा मोजा.